मोतद्दाराची ओळ

"अकरावा वाचा," सर म्हणाले.

बाईंनी लाकडी पट्टी एक ओळ खाली सरकवली आणि वाचलं, "'तुमच्या मालिकेतला राजा सदा घोड्यावर असतो, तर तो जेवतो कधी?'"

"कुणी विचारलंय?"

"सातवीतली मुलगी आहे."

"लिहा, राजाला जेवायला वेळ होता, मलाच ते लिहायला वेळ मिळाला नाही. पुढचा."

बाईंची बोटं कीबोर्डवर चालली. मासिकाच्या विशेष अंकासाठी वाचकांनी तीनशेच्या वर प्रश्न पाठवले होते. संपादकांनी त्यातले वीस निवडून दिले होते आणि उत्तरं आजच चारपर्यंत हवी होती. सरांना आता बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून बाईंनी वाचायचं, सरांनी सांगायचं आणि बाईंनी टाइप करायचं, असं सकाळपासून चाललं होतं. एक वाजत आला होता.

या बाई म्हणजे सरांच्या टायपिस्ट. मालिकेचा पहिला भाग त्यांनी टाइपरायटरवर केला, सहावा कॉम्प्युटरवर. सत्तावीस वर्षं झाली. एक किल्ला, त्याचा राजा आणि त्याची माणसं यांच्यावरचे सहा जाडजूड भाग लोकांनी अक्षरशः डोक्यावर घेतले, आणि त्यातलं अक्षरन् अक्षर या बाईंच्या बोटांखालून गेलं होतं. वाचकांच्या पत्रांना उत्तरं देणं हेही त्यांचंच काम. त्यासाठी टेबलावर एक निळी फाइल असे. तिच्यात पाच ठरलेली उत्तरं होती. पहिलं, पुढचा भाग कधी येणार त्याचं. दुसरं, हे सगळं खरंच घडलं का त्याचं. चौथं, सही मागणाऱ्यांना. पाचवं, सनावळीत चुका काढणाऱ्यांना, त्यांचे आभार मानून वाटेला लावणारं. आणि तिसरं, 'मोतद्दाराचं पुढे काय होणार?' या प्रश्नाचं.

मोतद्दार म्हणजे राजाच्या घोड्याची देखभाल करणारा माणूस. तिसऱ्या भागात तो दोन पानांपुरता येतो, नदी ओलांडताना त्याला बाण लागतो. पण वाचकांचा त्याच्यावर असा काही जीव जडला, की राजा राहिला बाजूला आणि पत्रं मोतद्दाराच्या नावानं यायला लागली. चौथ्या भागात तो लंगडत परत आला. सहाव्यात तर किल्ल्याच्या दारात बसलेला हा म्हातारा सगळ्या कथेचा कणा झाला होता.

बाईंनी पट्टी सरकवली. "बारावा. 'तिसऱ्या भागात मोतद्दार नदीकाठी जखमी पडला, तेव्हा मला वाटलं, हा आता जातो. त्याला जिवंत ठेवायचं तुम्हाला कसं सुचलं? आणि आता त्याला मारणार तर नाही ना?' हे आपले पंपवाले, सर."

पंपवाले म्हणजे एक पंप मेकॅनिक. दरवर्षी त्याचं एक पोस्टकार्ड यायचं, कोपऱ्यात ग्रिसचा अंगठा उमटलेलं. मजकूर एकच असे, मोतद्दाराला सांभाळा. या खेपेला त्यानं मासिकाकडेही नंबर लावला होता.

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. हा प्रश्न आला की त्यांना सरांकडे बघवत नसे. बावीस वर्षं येत होता.

"तो राहू दे," सर म्हणाले. "तेरावा."

"'सातवा आणि शेवटचा भाग कधी येणार?'"

"लिहा. सातवा भाग येणार नाही."

बाईंनी लिहिलं नाही. "म्हणजे या वर्षी नाही, असं लिहू का?"

"येणारच नाही, असं लिहा. वयोमानामुळे म्हणा. लोक समजून घेतात."

"पण सर, तुमच्या वह्या तयार आहेत. अकरा वह्या आहेत सातव्या भागाच्या."

"त्या उद्या ग्रंथालयाचा माणूस नेतोय. ती खोकी कसली वाटली तुम्हाला?"

दाराशी दोन खोकी दोरीनं बांधून ठेवलेली होती. वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, जुने कपडे बांधले असतील, असं बाई सकाळपासून धरून चालल्या होत्या.

"सर, तुमची तब्येत ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "मग का?"

सरांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. या चिठ्ठ्या बाईंना नव्या नव्हत्या. घरभर असत. 'दार लावलं, सव्वादहा.' 'गोळी घेतली.' 'वहिनी बहिणीकडे, पाचला येणार.' सर पत्नीलाही वहिनीच म्हणत, कारण घरी येणारा जो तो तसंच म्हणे. लेखक माणूस, करमत नाही म्हणून कागद काळे करतो, अशी बाईंनी कितीदा तरी थट्टा केली होती. सर हसायचे.

"माझे वडील शेवटी मला माझं नाव विचारायचे," सर म्हणाले. "रोज सकाळी, फार अदबीनं. त्यांची सुरुवात छोट्या गोष्टीनं झाली होती. माझी मोतद्दारापासून झाली."

"म्हणजे?"

"मी त्याला मारला होता, बाई. मला पक्कं आठवत होतं. वाक्यसुद्धा पाठ होतं. मग लोकांची पत्रं यायला लागली, त्याचं पुढे काय. मी एरवी छापलेलं उघडून बघत नाही, तुम्हाला माहितीये. तेव्हा बघितलं. ते वाक्य नव्हतंच. तुम्हाला हस्तलिखित विचारलं, तर ते प्रकाशकाकडून परत आलं नव्हतं. म्हणजे जे मी लिहिलंच नाही, ते मला लिहिल्यासारखं आठवत होतं. सत्तावन्न वर्षांचा होतो मी. तेव्हापासून सगळं लिहून ठेवतो. सहावा भाग कसातरी तडीस नेला. सातव्यात मात्र सगळे धागे बांधायचे असतात. स्वतःच्या डोक्यावर भरवसा नाही, त्यानं ते करू नये."

हे सगळं त्यांनी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलं. बाईंनी मात्र कीबोर्डवरचे हात काढून घेतले.

झालं होतं ते असं. तिसऱ्या भागाचं काम घाईचं होतं. एरवी टाइप झालेलं पान वहिनी आणि बाई मिळून ताडून बघत. एकीनं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसरीनं टाइप केलेल्यावर बोट फिरवायचं. त्या दिवशी वहिनींचा घसा बसला होता आणि बाईंना आईला घेऊन दवाखान्यात जायचं होतं. एक डोळा घड्याळावर. हस्तलिखितात दोन ओळी एकाखाली एक अशा आल्या होत्या, की दोन्हींचा शेवट 'नदीच्या काठी' असाच होता. बाईंची नजर पहिल्या काठावरून उठली ती थेट दुसऱ्या काठावर उतरली. मधली ओळ गेली. मोतद्दार मेला होता त्या ओळीत.

पहिलं पत्र आलं तेव्हा बाई वाचकालाच हसल्या होत्या. नीट वाचत नाहीत लोक, म्हणून त्यांनी हस्तलिखित काढून बघितलं, तर ओळ तिथं होती. तोवर पुस्तकं दुकानात गेली होती. नोकरी जाईल, ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती, सर आपल्याला बेफिकीर म्हणतील, ही होती. सर हस्तलिखित मागायला आले तेव्हा, ते परत आलंच नाही, असं त्या बोलून गेल्या. बाकीचं हस्तलिखित माळ्यावर टाकलं. ते एक पान घडी करून निळ्या फाइलीत, तिसऱ्या उत्तराच्या मागे ठेवलं. फाडून टाकायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी दुकानातून त्यांनी एक लाकडी पट्टी आणली आणि तेव्हापासून ओळीखाली पट्टी धरल्याशिवाय एक शब्द टाइप केला नाही. सर त्यांना 'पट्टीवाल्या बाई' म्हणून चिडवायचे.

आपण एक ओळ गाळली, एवढाच हिशोब बाईंनी आजवर केला होता. त्या ओळीपायी या माणसानं स्वतःवरचा विश्वास गमावला, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आता गप्प बसलं तर वह्या उद्या जातील आणि आपण सुखरूप राहू, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं. येऊन गेलं, हे त्यांनी पुढे स्वतःपाशी कधी नाकारलं नाही.

त्यांनी फाइल उघडली आणि घडी केलेलं पान सरांसमोर ठेवलं.

"काय आहे हे?"

"तिसऱ्या भागातलं पान आहे. दोनशे चौदा. हस्तलिखित परत आलं होतं, सर. मी खोटं बोलले. ती ओळ तुम्ही लिहिली होती. माझ्या हातून सुटली."

सरांनी पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. मग बाईंच्या हातात दिलं.

"वाचा."

बाईंनी ओळीखाली पट्टी धरली. "'मोतद्दारानं डोळे मिटले, घोडं कुठं न जाता त्याच्या उशाशी उभं राहिलं, नदीच्या काठी.'"

"घोडं कुठं न जाता," सर म्हणाले. "बरोबर. हेच होतं." त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "वहिनींना बोलवा."

वहिनी हात पुसत आल्या. सरांनी त्यांना एवढंच सांगितलं, "मी लिहिलं होतं." वहिनींना पहिल्यांदा काही उमगलं नाही. मग बाईंनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, काही हातचं न राखता. वहिनी खुर्चीवर बसल्या.

"ताई," त्या बाईंना म्हणाल्या, "ह्यांचा प्रत्येक शर्ट धुवायला टाकण्याआधी मी खिशातल्या चिठ्ठ्या काढते. बावीस वर्षं. प्रत्येक वेळी वाटतं, आजच्या चिठ्ठीवर माझं नाव तरी बरोबर असेल का."

बाईंनी निळी फाइल मिटली. "मी उद्यापासून येत नाही," त्या म्हणाल्या.

"ते नंतर बघू," सर म्हणाले. "मला तुमचा राग आलाय, बाई. चांगलाच आलाय. पण चारपर्यंत हे पाठवायचंय. किती वाजले?"

"दोन वीस."

"मग बसा. तेरावा प्रश्न. लिहा, सातवा भाग येईल."

वहिनी उठल्या आणि खोक्याच्या दोरीची गाठ सोडायला लागल्या. गाठ घट्ट होती, तरी त्यांनी कात्री आणली नाही. नखांनीच सोडवत बसल्या.

"आता बारावा घ्या," सर म्हणाले. "मोतद्दाराला जिवंत ठेवायचं मला सुचलं नव्हतं. मी त्याला मारला होता. टाइप करताना एक ओळ सुटली, म्हणून तो वाचला. माझ्याहून ती चूक शहाणी निघाली." ते थांबले. "कुणाकडून सुटली ते घालायचं का?"

"घाला, सर."

"लोक नावं ठेवतील."

"ठेवू देत. इतकी वर्षं नावाजतही तेच होते, मी ऐकून घेतलंच की."

सर किंचित हसले. बाईंनी 'माझ्या टायपिस्टकडून' हे दोन शब्द घातले, ओळ पुन्हा वाचून दाखवली आणि पुढे गेल्या. वीस प्रश्न पावणेचारला संपले. उत्तरं मासिकाला पाठवून झाल्यावर त्या कॉम्प्युटर बंद करायला लागल्या, तेव्हा सर म्हणाले, "थांबा. नवी फाइल उघडा. सातवा भाग. शेवटचं पान."

"पहिलं ना?"

"शेवटचं. एकोणऐंशी चालू आहे मला. शेवट आधी लिहून ठेवलेला बरा. आणि तो लिहिलेला आहेच, तुम्ही जपून ठेवलाय. ती ओळ आहे तशी घ्या. मालिका तिथं संपेल."

बाईंच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा पडला. "सर, त्याला राहू द्या ना."

"बावीस वर्षं वरची जगला तो, बाई. राजाला नाही मिळाली एवढी."

"पंपवाल्यांना काय लिहू मग?"

"सातवा भाग येतोय, असं लिहा. एवढंच."

बाईंनी पान स्टँडवर लावलं. ओळीखाली पट्टी धरली. आई गेली तेव्हा जे वाटलं होतं, त्याच जातीचं काहीतरी त्यांना वाटलं, आणि त्याची लाजही वाटली नाही. पुस्तकातला माणूस होता, पण या घरात तो त्यांच्यामुळेच जगला होता. त्यांनी एकेक शब्द टाइप केला. मोतद्दारानं डोळे मिटले. घोडं कुठं गेलं नाही. सवयीनं पट्टी खालच्या ओळीवर सरकली. त्यांनी ती परत वर घेतली आणि टाइप केलेलं पानाशी ताडून बघितलं. काही सुटलं नव्हतं.

"झालं," त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलली.

"उद्या किती वाजता येताय?" सरांनी विचारलं.

बाईंनी वहिनींकडे बघितलं. वहिनी खोक्यातून वह्या काढून एकीवर एक रचत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण म्हणाल्या, "जेवून नका येऊ. इथंच जेवा."

"दहाला येते," बाई म्हणाल्या.

सरांनी गठ्ठ्यातली एक कोरी चिठ्ठी पुढे ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला वाकले. मग थोडा वेळ तसेच राहिले. त्यांनी टोपण परत लावलं.

"दहाला," ते म्हणाले, आणि चिठ्ठी कोरीच ठेवली.