सप्तापूरचे गोल टेबल

मित्रांनो, धारवाडच्या सप्तापुरात चहाच्या टपऱ्या आणि झेरॉक्सची दुकाने मागे टाकून थोडे आत गेले, की लाल कौलांची एक बैठी इमारत लागते. पदवी घेतलेली मुले तिथे आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकायला येतात. देश एकमेकांशी कसे बोलतात, कशावरून भांडतात आणि भांडण मिटवायला पुन्हा एकत्र कसे बसतात, हे तिथे शिकवले जाते. त्या इमारतीतल्या मोठ्या वर्गात मधोमध एक जुने गोल टेबल आहे. ते टेबल म्हणजे मी.

माझे लाकूड दांडेलीच्या जंगलातले सागवान. हुबळीच्या नारायण बडिगेर या सुताराने मला घडवले. जयतीर्थ सर आणि इंदुमतीबाई हे इथले पहिले दोन प्राध्यापक. मला करायला सांगायला दोघे एकाच स्कूटरवरून त्याच्याकडे गेले होते. "गोल का हो बाई? लांबट केलं तर जागा वाचेल की," नारायण म्हणाला. बाई म्हणाल्या, "लांबट टेबलाला डोकं असतं, नारायणअण्णा. गोलाला नसतं. आमच्याकडे सगळे देश सारखे." नारायण हसला आणि कामाला लागला. मी दारातून आत जाणार नाही हे त्याच्या ध्यानात आले, म्हणून त्याने मला दोन अर्ध्या भागांत घडवले आणि वर्गातच जोडले. ती सांध अजून माझ्या पाठीवर आहे. मुलांच्या शिसपेन्सिलींची टोके तिच्यात अडकतात.

ते दिवस फार सुखाचे होते. दर शनिवारी माझ्याभोवती परिषद भरे. प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी एखादा देश होई. मातीच्या गोळ्यात कागदी झेंडे खोचलेले असत. कधी समुद्रातल्या मासळीवरून वाद, कधी सरहद्दीवरच्या कुरणावरून. गावातल्या मळमड्डी भागातले निवृत्त शिक्षक मुद्दाम ऐकायला येत आणि जाताना माझ्यावर हात फिरवून म्हणत, "काय देखणं काम आहे!" मला अभिमान वाटे.

मग एका शनिवारी ज्योती बोलायला उभी राहिली. कलघटगीकडच्या खेड्यातली ही मुलगी कन्नडमधून बोलायला लागली की सगळे गप्प होऊन ऐकत. पण परिषदेत इंग्रजीतूनच बोलायचे, असा जयतीर्थ सरांचा नियम होता. दोन वाक्यांनंतर ती अडखळली. कुणीतरी हसले. सर म्हणाले, "बस खाली. तुझ्यासाठी जग थांबायचं नाही." ज्योती बसली. तिने माझी कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. त्यानंतर ती वर्गात आलीच नाही.

"सर, तुम्ही पोरगी घालवलीत," इंदुमतीबाई म्हणाल्या.

"मी घालवली? तयारी नसताना तिला पुढं ढकललं कुणी?" सर म्हणाले.

त्या दिवसापासून दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले. बाई पलीकडच्या खोलीत शिकवू लागल्या, सर अलीकडच्या. काही सांगायचे असले की शिपायाकरवी निरोप जाई. जगातल्या भांडखोर देशांना एकत्र कसे बसवायचे हे शिकवणारी ही दोन माणसे, एका कप्प्यातून खडू घेताना एकमेकांकडे पाहत नसत. मुलांना ते कळे. ती हळूच हसत.

शनिवारची परिषद बंद पडली. वर्षातून एकदाच ती कॉलेजच्या सभागृहात होऊ लागली. माझ्यावर आधी फाटके नकाशे आले, मग बंद पडलेले संगणक, मग रंगाचे डबे. पावसाळ्यात छत गळे आणि पाणी माझ्या एका पायाशी साचे. तो पाय खालून कुजला. मी एका अंगाला कलले. अशी कितीतरी वर्षे गेली. मी कशासाठी आहे, हेच मला आठवेनासे झाले होते.

गेल्या वर्षी सभागृहाची दुरुस्ती निघाली. वार्षिक परिषदेला दुसरी जागा नव्हती. म्हणून मुलांनी जुना वर्ग उघडला, माझ्यावरचे सगळे सामान उचलून बाहेर ठेवले आणि कुजलेल्या पायाखाली वीट सरकवली. श्रीवत्स नावाचा मळमड्डीचा मुलगा मला पुसत होता. शेजारी सायली झेंडे चिकटवत होती. तिच्या वडिलांचे, पांडुरंगअप्पांचे, हुबळीच्या बाजारात कापडाचे दुकान आहे.

"उद्या परिषद झाली की मी घरी जाणार," सायली म्हणाली. "अप्पा गाडी घेऊन येणारेत. खोली सोडतेय."

"का गं?"

"मला सगळं कळतं रे. पण इंग्रजीत तोंड उघडलं की डोकं रिकामं होतं. दुकानात मी दिवसभर मराठी-कन्नड बोलून भांडणारं गिऱ्हाईक शांत करते. इथं मला माझंच नाव सांगता येईनासं झालंय."

श्रीवत्सचा हात थांबला. ज्योतीची गोष्ट त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. मला मात्र ठाऊक होती, आणि मला बोलता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी परिषद सुरू झाली. पालक भिंतीलगत बसले होते, पांडुरंगअप्पाही होते. जयतीर्थ सर माझ्या एका बाजूला आणि इंदुमतीबाई बरोबर समोर. विषय होता दोन कल्पित देशांमधली नदी. मोठ्या देशाकडून मेधा बोलली, सफाईदार आणि कडक. मग सायलीची पाळी आली. ती उठली. तिचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. तिचे तळवे माझ्यावर टेकले होते.

श्रीवत्स उभा राहिला. "सर, खऱ्या परिषदेत दुभाषे असतात ना?"

सरांनी चष्मा काढला. बराच वेळ ते सायलीच्या हातांकडे पाहत राहिले. "असतात," ते म्हणाले.

"मग मी हिचा दुभाषा."

आणि सायली मराठीत बोलू लागली! आधी हळू, मग भरभर. "तुमचं धरण मोठं आहे, आमची शेतं लहान आहेत, हे आम्हाला मान्य आहे. पण उन्हाळ्यात पाणी कधी सोडणार हे तुम्ही आधी सांगत नाही, आमची माणसं कोरड्या पात्रात उभी राहून वाट बघतात. आम्हाला तुमच्यावर विजय नको. आम्हाला समजूत हवी."

श्रीवत्स सगळे इंग्रजीत सांगत होता. शेवटच्या शब्दाला तो म्हणाला, "अॅग्रीमेंट."

"करार नाही म्हणाले मी," सायली म्हणाली.

"मग कॉम्प्रमाइज?"

"तडजोडही नाही ती," इंदुमतीबाई न राहवून बोलल्या.

"अंडरस्टँडिंग म्हणा की," जयतीर्थ सर म्हणाले.

बाईंनी थेट त्यांच्याकडे पाहिले. "सर, ते निम्मंच झालं. समजूत नुसती होत नाही, ती काढावीही लागते. रुसलेल्या माणसाकडं कुणीतरी आपणहून जावं लागतं."

"ते इंग्रजीत एका शब्दात कसं बसवायचं, बाई?"

"नाहीच बसणार!"

"मग कन्नडमध्ये बघा..." सर पुढे झुकले. पुढचा बराच वेळ दोघे माझ्यावर कोपरे टेकून त्या एका शब्दावरून हमरीतुमरीने भांडले. परिषद तशीच थांबली होती. मुले श्वास रोखून पाहत होती. ती दोघे एकमेकांशी बोलत होती, हे शेवटी त्यांच्याच लक्षात आले आणि दोघेही एकदम थांबले.

"चहा घेऊन बोलू या का?" सर म्हणाले. "इरली, असू दे, ही मुलं त्यांचं बघून घेतील."

मेधा आणि सायली यांनी पाणी कधी सोडायचे ते खरोखरच ठरवले. टाळ्या झाल्या. बाहेर जाताना पांडुरंगअप्पांनी विचारले, "खोलीवरून सामान घ्यायचं ना?"

"नाही अप्पा."

"बरं मग. गाडी रिकामीच नेतो की," ते म्हणाले, आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसत पुसत हसले.

वर्ग रिकामा झाल्यावर सर आणि बाई चहाचे पेले घेऊन माझ्यापाशी परत आले. सर म्हणाले, "त्या मुलीला मी खाली बसवायला नको होतं." बाई म्हणाल्या, "मी तरी तिच्या गावी कुठं गेले? तुम्हाला दोष दिला आणि मोकळी झाले." पुढच्या रविवारी दोघे बसने ज्योतीच्या गावी जाऊन आले. ती आता तिथल्या शाळेत शिकवते. परत यायला तिने नकार दिला, पण दोघांना जेवल्याशिवाय सोडले नाही. हे सगळे मी त्यांच्याच तोंडून ऐकले.

आता शनिवारची परिषद पुन्हा भरते. ज्याला ज्या भाषेत सुचेल, त्या भाषेत त्याने बोलावे आणि शेजाऱ्याने त्याचे भाषांतर करून सांगावे. सकाळी सर मुलांना वेगळे इंग्रजी शिकवतात, आणि सायली तिथे पहिल्या रांगेत असते. मला नवा पाय बसवला आहे. तो बाकीच्यांपेक्षा जरा उजळ दिसतो, पण भार नीट पेलतो.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, कचेरीत माझ्यासारखे एखादे टेबल असेलच. त्याला कोरड्या फडक्याने पुसा, ओल्यात ठेवू नका. आणि त्यावर सामान साठू देऊ नका. सामान साठले की माणसांना कोपर टेकायला जागा उरत नाही, आणि समोरासमोर बसणे आपोआपच बंद होते. ज्याच्याशी तुम्ही बोलत नाही, त्याच्यासाठी एक खुर्ची ओढून ठेवा. तो येईल की नाही हे कुणी सांगावे? पण खुर्ची तर हवी.

आज शनिवार आहे. मुले आत येत आहेत. आजचा वाद दोन देशांमधल्या एका पुलावरून आहे, आणि मेधाने बसायच्या आधीच भांडायला सुरुवात केली आहे. आता मला ऐकू द्या.