पहिला हाफ

मला बास्केटबॉल कुणी शिकवला नाही. खोटं कशाला बोलू? शाळेत मी कवायतीचा मास्तर म्हणून लागलो होतो. दोन वर्षांनी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मैदानाच्या दोन टोकांना खांब रोवून घेतले, त्यांना रिंगा लावल्या आणि म्हणाल्या, "सर, मुलींचा संघ आता तुमच्याकडे." त्यांना नाही म्हणायची माझी काय टाप! घरी येऊन नियमांचं पुस्तक उघडलं. चौथ्या पानावर झोप लागली. मग मी सिनेमे बघायला लागलो.

बास्केटबॉलवरचे सिनेमे हो. मिळेल तो, मिळेल तसा, एकामागून एक. गोष्ट थोड्याफार फरकाने तीच असते. वाया गेलेली पोरं, गळकं छप्पर, कुणाला कातडीच्या रंगावरून हिणवलेलं, कुणाचा बाप तुरुंगात, कुणाची आई दोन-दोन ठिकाणी राबणारी. आणि त्यांच्यात एक खडूस कोच येऊन पडतो. आधी सगळ्यांना डोळ्यांसमोर नको असतो, शेवटी तेच त्याला खांद्यावर घेतात. मी दर वेळी रडायचो. अगदी नाक ओढून. बायको आतून विचारायची, "जिंकले का आजही?"

शनिवारी दुपारी चित्रकलेच्या खोलीचे पडदे ओढून मी हे सिनेमे मुलींनाही दाखवायचो. संपला की फळ्यावर लिहायचं, आज काय शिकलो. एकी. जिद्द. माणसाला त्याच्या वस्तीवरून जोखू नये. मुली भराभर उतरवून घ्यायच्या. फक्त शिडी हात वर करायची. उंच म्हणून शिडी, मुलींनीच ठेवलेलं नाव, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. एकदा म्हणाली, "सर, ह्या सिनेमांत मुली नुसत्या टाळ्या वाजवायला का असतात?"

"म्हणून तर तुम्हाला खेळायचंय ना!" मी म्हणालो. बोलून गेलो आणि माझंच मला कौतुक वाटलं. प्रश्न किती चांगला होता ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

ही शिडी म्हणजे काय चीज होती ते कसं सांगू? रिंगखाली ती उभी राहिली की समोरच्या संघाच्या पोरी आपसूक बाजूला व्हायच्या. बॉल तिच्या हातात गेला की मी शिट्टी वाजवायची विसरायचो. वडील नव्हते. आई हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायची. अशा घरातल्या मुलीला पुढे जायचं तर रस्ता एकच होता. दूर शहरात क्रीडा महाविद्यालय होतं. राहणं, जेवण, शिक्षण, चार वर्षं सगळं त्यांच्याकडे. आमच्या भागातून दर वर्षी एकच मुलगी घ्यायचे. निवड करणाऱ्या कॉलेजच्या बाई शिडीचा खेळ एकदा बघून गेल्या होत्या. मी तीन पत्रं लिहून त्यांना शाळांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याला यायला लावलं. ह्या सामन्यावर ठरवते, असं त्यांनी कळवलं. शिडीचं सगळं त्या एका सकाळवर होतं, आणि हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

आता माझं कर्तृत्व ऐका.

सामन्याआधीच्या महिन्यात शिडी पाच वेळा सरावाला उशिरा आली. सराव सकाळी सहाला. ही साडेसहाला यायची, डोळे लाल, धापा टाकत. मी विचारलं नाही. विचारायचं का? माझ्या आवडत्या सिनेमातला कोच विचारत नाही! तो म्हणतो, "कारणं नकोत. यायचं तर वेळेवर या." हे वाक्य मी रंगाने सामानाच्या खोलीच्या दारावर लिहून घेतलं होतं. त्या सिनेमात सगळ्यात चांगला खेळाडू असाच उशिरा येत असतो. कोच त्याला अंतिम सामन्यात अख्खा पहिला हाफ बाकावर बसवतो. संघ मागे पडतो, लोक ओरडतात, कोच ढिम्म. मग दुसऱ्या हाफमध्ये त्याला उतरवतो, आणि पुढे काय होतं ते सांगायला नको. हा सिनेमा मी अकरा वेळा पाहिला होता. मुलींना तीनदा दाखवला होता.

तर सामन्याच्या सकाळी मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "शिडी पहिला हाफ बाकावर."

मुलींचे चेहरे उतरले. शिडीचा नाही. बूट बांधता बांधता तिने हळूच विचारलं, "दुसऱ्या हाफला ना, सर?"

"दुसऱ्या हाफला."

ती हसली हो! तिनेही तो सिनेमा तीनदा पाहिला होता. तिला वाटलं, सर आपल्यासाठी शेवट राखून ठेवतायत. मलाही तेच वाटत होतं. आम्ही दोघं शुद्ध वेडे होतो, पण ती सतरा वर्षांची होती आणि मी त्रेचाळीसचा.

कॉलेजच्या बाई वेळेवर आल्या. बसताना म्हणाल्या, "मला दुपारी दुसरीकडेही एक सामना बघायचाय." मी "हो हो" म्हणालो. कानावर पडलं, डोक्यात शिरलं नाही. एकाही सिनेमात असा माणूस मध्येच उठून जात नाही ना! तो शेवटपर्यंत बसतो आणि शेवटी चष्मा पुसतो.

पहिल्या हाफमध्ये आमचं पानिपत झालं. चौदा पॉइंटांनी मागे. मला त्याचं दुःख नव्हतं, उलट आतून उकळ्या फुटत होत्या, की आता बघा. हाफटाइम झाला तशा बाई उठून माझ्याकडे आल्या. "सर, नऊ नंबरची मुलगी दुखावलीय का?"

आणि मी, छाती काढून, शेजारच्या चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "नाही बाई. शिस्त! महिन्यात पाच वेळा उशिरा आली. शिस्तीच्या बाबतीत मी कुणाची गय करत नाही. मग ती कितीही चांगली खेळू दे."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. "बरं," म्हणाल्या. मला वाटलं, काय प्रभाव पडलाय! त्या वळल्या, आणि आपल्या खुर्चीकडे न जाता फाटकाकडे गेल्या. गाडी सुरू झाल्याचा आवाज मी ऐकला. मनात म्हटलं, येतील, पाणीबिणी प्यायला गेल्या असतील.

दुसऱ्या हाफमध्ये शिडी उतरली आणि तिने धुमाकूळ घातला. बावीस पॉइंट एकटीचे. शेवटच्या मिनिटाला आम्ही पुढे गेलो आणि तीन पॉइंटांनी जिंकलो. मुली धावत आल्या आणि मला खांद्यावर घ्यायला लागल्या. माझं वजन ब्याण्णव किलो. दोन पावलांत सगळे भुईसपाट. हसून हसून डोळ्यांत पाणी. मी मातीत पडल्या पडल्या त्या खुर्चीकडे पाहिलं. रिकामी होती.

तेवढ्यात शिडीची आई गर्दीतून वाट काढत आली. उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत पट्टीत गुंडाळलेला. मला म्हणाली, "सर, रागावू नका पोरीवर. अजून दहा दिवसांत हात बरा होईल. मग येईल ती वेळेवर."

"हाताला काय झालं?"

"वाफेच्या इस्त्रीत भाजला, महिना झाला. पाळी सोडली असती तर माझ्या जागी दुसरी बाई घेतली असती. मग हीच जायची पहाटे चारला माझ्या जागी. चादरी संपल्या की तशीच पळत तुमच्याकडे. ढीग मोठा असला की उशीर व्हायचा."

मी शिडीकडे वळलो. "अगं, बोलली का नाहीस?"

तिला माझा प्रश्नच कळला नाही. "कारणं सांगायची नाहीत ना, सर?"

कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. भाजलेला हात, पहाटेची पाळी, आईच्या जागी उभी राहिलेली मुलगी. हे सगळं पडद्यावर दिसलं असतं तर मी ढसाढसा रडलो असतो, फळ्यावर लिहून मुलींना उतरवून घ्यायला लावलं असतं. माझ्या मैदानावर रोज सकाळी ते माझ्यासमोर धापा टाकत उभं होतं आणि मी घड्याळ बघत होतो.

इथपर्यंत मूर्खपणा. मूर्खपणाची माफी मिळते कधीतरी. पुढचं जे केलं त्याला मूर्खपणा म्हणत नाहीत.

सोमवारी मी शिक्षकांच्या खोलीतून कॉलेजच्या बाईंना फोन लावला. त्या चांगल्या बोलल्या. "सर, मुलगी चांगलीच आहे. खेळात काही कमी नाही, मी आधीच पाहिलंय. पण माझ्या वसतिगृहात चाळीस मुली आहेत. बेशिस्त मुलगी मला नको. हे तुम्हीच सांगितलंत. यादी बुधवारी जाते. तुम्हाला अजून काही सांगायचंय का?"

सरळ विचारलं हो त्यांनी. दार उघडून धरलं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की बाई, ती बेशिस्त नाही, मी गाढव आहे, मी विचारलंच नाही. पण खोलीत मोठ्या बाई बसलेल्या. विज्ञानाचे सर, गणिताच्या बाई, सगळे जिंकल्याबद्दल पेढा खाऊन माझ्याकडे कौतुकाने बघतायत. सकाळीच मोठ्या बाई सगळ्यांना म्हणाल्या होत्या, "शिस्त कशी लावावी ते सरांकडून शिका." त्या सगळ्यांसमोर मी स्वतःला गाढव म्हणणार होतो?

मी म्हणालो, "आता सुधारलीय ती."

सुधारली! जशी काही बिघडली होती.

"बघते," म्हणून बाईंनी फोन ठेवला. संध्याकाळी परत लावता आला असता. मंगळवारी लावता आला असता. दोन्ही दिवस मी फोनजवळून जात राहिलो आणि लावला नाही. पंधरा दिवसांनी दोन ओळींचं पत्र आलं, निवड होऊ शकली नाही. मी शिडीला मैदानावर बोलावून सांगितलं, "जागा एकच होती गं. दुसऱ्या मुलीला मिळाली." ती म्हणाली, "बरं, सर." थोडा वेळ उभी राहिली, मी आणखी काही सांगेन म्हणून. मग बॉल गोळा करायला गेली.

परीक्षा झाली आणि ती शाळेतून गेली. मी सिनेमे दाखवायचे बंद केले. कुणी कारण विचारलं की प्रोजेक्टर बिघडलाय म्हणायचो. घरी बायकोला तेवढं खरं सांगितलं. ती म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? तिला सांगा." मी हो म्हणालो आणि अकरा वर्षं घालवली.

मागच्या महिन्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डमध्ये धुतलेल्या चादरींची गाडी आली आणि गाडीमागून शिडी. ओळखायला वेळ लागला नाही, दारात वाकून आली. आता लॉन्ड्रीत पाळीची मुख्य होती, हाताखाली नऊ बायका. "सर! तुम्ही इथे?" केवढी खूष झाली! चादर स्वतः बदलली, मला अलगद एका कुशीवर करून. आई आता घरी असते म्हणाली, हात बरा आहे. बायको खुर्चीत बसली होती. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मला पळायची सोय नव्हती.

सांगितलं मी. हाफटाइमचं, शिस्तीचं, सोमवारच्या फोनचं. 'सुधारलीय' म्हणालो तेही. सगळं. ती उशीचा अभ्रा हातात धरून ऐकत होती. मी वाट बघत होतो की ही आता ओरडेल, शिव्या देईल, निदान रडेल. मला तेच हवं होतं, खरं सांगायचं तर.

तिने विचारलं, "म्हणजे खेळात काही कमी नव्हतं माझ्या?"

"काही नाही गं."

"असं त्या बाई स्वतः म्हणाल्या?"

"ह्याच शब्दांत. खेळात काही कमी नाही, म्हणाल्या."

ती बायकोच्या शेजारच्या स्टुलावर बसली. अभ्रा मांडीवर ठेवून तिने त्याच्या कडा नीट जुळवल्या.

"मला वाटलं, डाव्या हाताने घात केला," ती म्हणाली. "माझा डावा हात उजव्याइतका चालायचा नाही ना, सर. म्हटलं, बाईंच्या नजरेत ते आलं असणार. दुसरं काही सुचेचना. मग पाळी सुटली की लॉन्ड्रीमागच्या भिंतीवर रोज डाव्या हाताने बॉल मारायचे. दोन वर्षं."

बायकोने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"पुढच्या वर्षी त्या बाई परत आल्या होत्या निवडीला," शिडी म्हणाली. "वयात बसत होते मी. मैत्रीण अर्ज घेऊन घरी आली. मीच नाही म्हटलं तिला. म्हटलं, डावा हात अजून तयार नाही."