परत आलेल्या फॉर्मवरचा शिक्का

लाकडी मूठ, खाली झिजलेलं रबर आणि त्यावर डॉक्टरबाईंचं नाव उलट्या अक्षरांत, असा मी एक जुना शिक्का आहे. मित्रांनो, दमलोय मी. तेवीस वर्षं शाईत तोंड बुडवायचं आणि कागदावर आपटून घ्यायचं, दुसरं केलंय काय? रबर कोरणाऱ्याने मला पहिल्यांदा कागदावर दाबून पाहिलं आणि तो म्हणाला, "झकास!" तेवढ्या कौतुकावर मी बरीच वर्षं काढली.

सुरुवातीचे दिवस दिमाखाचे होते. बाई पेशंटला तपासायच्या, चिठ्ठी लिहायच्या, खाली मी ठप्पकन बसायचो. ती चिठ्ठी सरकारी औषधखिडकीवर दाखवली की औषध फुकट मिळायचं. माझ्यावाचून पान हलत नव्हतं. थोडा ताठाही होता मला, खोटं कशाला बोलू?

मग सरकारची नवी यादी आली. यादीतलंच औषध फुकट. बाहेरचं हवं तर चार पानांचा फॉर्म आणि प्रत्येक पानावर मी. बाई पेशंटकडे कमी आणि फॉर्मकडे जास्त बघू लागल्या. कंपाउंडरकाका म्हणायचे, "बाई, स्टेथोस्कोप ठेवा बाजूला, आता टायपिंग शिका." बाई हसायच्या, पण ते हसू काही खरं नव्हतं.

आमच्याकडे शिवणकाम करणाऱ्या एक ताई यायच्या. त्यांना फिटचा आजार होता, पण एका औषधावर सात वर्षं एकही फिट आली नव्हती. शिलाई मशीनवर बसून त्या संसार ओढत होत्या. बाईंच्या ऍप्रनचा उसवलेला खिसाही त्यांनीच बसल्याबसल्या शिवून दिला होता. नेमकं त्यांचंच औषध यादीतून उडालं. विकत घेणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं.

बाईंनी फॉर्म भरला. 'सध्या फिट येतात का?' या प्रश्नापुढे त्यांनी खरं ते लिहिलं, 'नाही, सात वर्षांत एकदाही नाही.' चारही पानांवर मी ऐटीत उमटलो. मला वाटलं, औषधाच्या बाजूने याहून चांगली साक्ष कोणती?

पंधरा दिवसांनी फॉर्म परत आला. वर शेरा होता, 'फिट येत नसल्याने खास औषधाची गरज दिसत नाही. आधी यादीतले औषध तीन महिने वापरून पाहावे.'

"अहो, या औषधामुळेच येत नाहीत ना!" बाई त्या कागदावरच ओरडल्या. त्यांनी फोन केला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, मी तरी काय करू? फॉर्ममध्ये तसा रकाना नाही."

बाईंनी ताईंना सगळं समजावून सांगितलं आणि म्हणाल्या, "काही दिवस मशीनवर बसू नका."

"मग खाऊ काय, बाई?" ताईंनी विचारलं.

बाईंनी पेन उचललं आणि यादीतलं औषध लिहून दिलं. नव्या औषधाच्या चिठ्ठीवर मी मुद्दाम पुसट उमटलो. मला तेवढंच करता येत होतं. बाईंनी मला पुन्हा शाईत बुडवलं आणि जोरात दाबलं.

पाचव्या आठवड्यात ताई आल्या त्या बहिणीच्या आधाराने. मशीन चालू असतानाच फिट आली होती. सुई उजव्या हाताच्या बोटातून आरपार गेली होती. बाई पट्टी सोडत होत्या, तेव्हा ताई बारीक आवाजात म्हणाल्या, "सात वर्षं झाली होती हो." बाईंनी मान वर केली नाही.

नवा फॉर्म गेला. प्रश्न तोच, उत्तर या वेळी 'होय'. चार दिवसांत मंजुरी आली. "झालं एकदाचं पास," म्हणत काकांनी कागद टेबलावर ठेवला. कुणालाच आनंद झाला नाही.

परवा ताई येऊन गेल्या. जुनं औषध मिळतंय, फिट नाही. बाईंचा खिसा पुन्हा उसवलाय. ताईंनी तो पाहिला, बोट वाकवून बघितलं. ते वाकलं नाही.

मित्रांनो, माझं रबर आता तडकलंय, लवकरच मला कुणीतरी टाकून देईल. माझं काही नाही. पण तुमच्यापैकी कुणी मोठेपणी असे फॉर्म बनवणार असेल, तर माझं एवढं ऐका. 'काय दुखतंय?' हे जरूर विचारा. पण 'बरं कशामुळे आहे?' यासाठीही एक रकाना ठेवा. ताईंच्या बोटाची आठवण म्हणून ठेवा.