सभापतींची माफी

पाणीटंचाईच्या बैठकीत वाडीची पाइपलाइन रखडली म्हणून पंचायत समितीचे सभापती सत्यवान गावडे यांनी जॉयसी डिसोझा या तरुण अभियंता मुलीच्या अंगावर पाण्याने भरलेला ग्लास भिरकावला, आणि संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ बांद्यापासून मुंबईपर्यंत पोचला. गावात काहींनी पाठ थोपटली. पक्षाच्या जिल्हाध्यक्षांचा फोन मात्र वेगळाच आला. "निवडणूक तोंडावर आहे. त्या मुलीची माफी मागा नि व्हिडिओ पाठवा. नाहीतर तिकिटाचं विसरा."

तेव्हापासून सत्यवानांना एका जागी बसवेना. जेवणावरून उठत, काजूच्या बागेत जात, तसेच परत येत. राग त्यांना नवा नव्हता. किंबहुना रागावरच ते मोठे झाले होते. हायवेवरच्या खड्ड्यासाठी असो की रेशनसाठी, लोक त्यांना ओरडायलाच बोलावून नेत. पण या वेळी त्यांनी व्हिडिओत स्वतःला बाहेरून पाहिलं होतं. पाणी अंगावर पडल्यावर त्या मुलीने आधी समोरचा नकाशा पुसला, मग तोंड. ते काही केल्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

सकाळी निघताना त्यांची बायको अक्षया म्हणाली, "आज तरी तोंडार ताबो ठेवा हां."

"माका शिकवू नको!" म्हणत त्यांनी गाडीचं दार आपटलं.

माफी जॉयसीच्या ऑफिसात सगळ्यांदेखत नको, म्हणून त्यांनी गाडी आधी कसालला, तिच्या घरी घेतली. सोबत त्यांचा कार्यकर्ता दीपेश होता, व्हिडिओ काढायला. अंगणात जॉयसीची आई मारियान आमसुलं वाळत घालत होती.

"जॉयसी कामार गेली," ती म्हणाली. "माझ्या चेडवाक बोललास ता चार माणसांत. मगे माफी माझ्या दारात कित्याक मागतास?"

"मी स्वता दारात इलंय, ह्या कमी आसा?" सत्यवानांचा आवाज चढला.

मारियानने हातातलं सूप खाली ठेवलं, आत गेली आणि कडी लावली.

नाइलाजाने ते ऑफिसात गेले. त्यांना पाहताच सगळे उठून उभे राहिले. जॉयसीही उठली. दीपेशने मोबाईल वर धरला.

"साहेब, जरा उजेडाकडे सरका. मॅडम, तुम्ही थोडं हसा ना, बरं दिसेल."

"बंद कर तो!" सत्यवान कडाडले. त्यांनी मोबाईल हिसकावून भिंतीवर आपटला.

तेवढ्यात जॉयसीचा हात झटकन तोंडापुढे आला. मोबाईल तिच्या दिशेने गेलाच नव्हता, तरी हात आला.

"चुकलं माझं, जॉयसी," ते कसेबसे म्हणाले. "त्या दिवशीही, आणि आताही."

तिने हात खाली घेतला. "असू दे, असं मी म्हणणार नाही, सर. मला अजून झोप लागत नाही. पण वाडीच्या पाइपलाइनचं सांगते. मधे वनखात्याची जमीन आहे. परवानगी आल्याशिवाय खोदता येणार नाही. त्या दिवशी हेच सांगत होते."

ते बसले. टेबलाखाली गुडघा हलत होता. दोनदा शब्द ओठांवर आले, दोनदा त्यांनी ते गिळले. पण तिचं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

व्हिडिओ नव्हता, त्यामुळे जिल्हाध्यक्षांच्या लेखी माफीही नव्हती. तिकीट दुसऱ्याला गेलं आणि दीपेशही त्याच्याकडे गेला. परवानगी आली, खोदकाम सुरू झालं. जॉयसी रस्त्यात दिसली तर मान हलवते, थांबत नाही.

परवा वाडीतली माणसं पुन्हा दारात आली. "साहेब, चला, त्या तलाठ्याक जरा दम देवा."

दम म्हटल्याबरोबर सत्यवानांच्या अंगात काहीतरी सळसळलं. अक्षया दारात उभी राहून बघत होती.

"चला," ते चपला घालत म्हणाले. "पण बोलतलास तुमी. मी नुसतो बाजूक रवतलंय."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. सत्यवान झपाझप पुढे निघाले. तिथे गेल्यावर आपण खरंच गप्प राहू की नाही, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.