भाऊजींची नक्कल

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि ताई नवऱ्याला आणि लेकीला घेऊन माहेरी आली. दरवर्षी यायची ती चार-आठ दिवसांपुरती. या वेळी दारात उतरलेल्या बॅगा मैनेने दोनदा मोजल्या. एवढ्या बॅगा म्हणजे महिनाभर तरी हलायचं नाव नाही.

मैना म्हणजे या घरची सून. तिचं खरं नाव वेगळं होतं. पण लहानपणी ती कुणाचाही आवाज हुबेहूब काढायची म्हणून वडिलांनी हे नाव पाडलं, आणि ते तिच्या मागोमाग सासरीही आलं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ती तक्रारींचे फोन घ्यायची. उन्हाळ्यात तर रिसीव्हर खाली ठेवायची सोय नसे. पण दुपारी घरी आली की तोच वैताग घरच्यांची करमणूक होऊन जायचा. "बाई, नळातून नुसती हवा येतेय. आता हवेचंही बिल लावणार का?" असं ती एखाद्या चिडक्या आजोबांच्या आवाजात ऐकवायची आणि सासूबाई पदराने डोळे पुसत हसायच्या.

घर दोन खोल्यांचं, वर गच्ची. नवरा परगावी कामाला, शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. पोरं दोन. चिमणी सात वर्षांची, ढब्बू चार वर्षांचा. त्यात आता ताईची दहा वर्षांची लेक. ती आल्या आल्या सगळ्यांना कामाला लावायची, म्हणून तिला सगळे बाईसाहेब म्हणत. तिघांनी मिळून घर डोक्यावर घेतलं. ओल्या पायांचे ठसे पलंगापर्यंत, खिडकीच्या गजांना बांधलेल्या दोऱ्या, फ्रीजचं दार सताड उघडं. ते सगळं मैनेला चालत होतं. तिला सहन होत नव्हते ते ताईचे यजमान, भाऊजी.

भाऊजींचा स्वतःचा फोटो स्टुडिओ होता. आधीच्या सुट्ट्यांत ते आले की घरात जत्रा भरायची. पोरांना खांद्यावर घे, वाकडी तोंडं करून दाखव, सगळ्यांना गच्चीवर उभं करून फोटो काढ. या वेळी मात्र आल्यापासून खिडकीजवळची खुर्ची सोडायला तयार नाहीत. जेवलेलं ताट उचलायचं नाही. धुतलेल्या चादरीवर चहा सांडला तरी तोंडातून चकार शब्द नाही. सकाळी मैनेला कामाला जायची घाई, आणि हे मोरीकडे निघाले की पाऊल-पाऊल मोजत, जसं काही पुढे खड्डाच आहे. मैनेने एकदोनदा थट्टा करून पाहिली, तर तोंडावरची माशीही हलली नाही. पोरं मागे लागायची, "आतोबा, फोटो काढा ना!" त्यावर एकच उत्तर, सपाट आवाजात. "नंतर... बघू."

आणि ताई त्यांच्या शर्टाची बटणंसुद्धा लावून द्यायची.

"राजेसाहेब आहेत," मैना भांडी घासताना स्वतःशीच म्हणायची. "आम्ही आहोतच दासी."

एका दुपारी सासूबाई आणि ताई आतल्या खोलीत लवंडल्या होत्या, भाऊजी बाहेर खुर्चीतच पेंगत होते. बाईसाहेबही आईच्या कुशीत झोपली होती. स्वयंपाकघरात चिमणी आणि ढब्बू मैनेच्या मागे लागले. "आई, कुणाची तरी नक्कल कर ना!"

मैनेने ओट्यावरचा कप बशीत ठेवला. खांदे पुढे पाडले, एक हात अंगाला चिकटवला, चेहरा दगडासारखा केला आणि फरशीवर पाय घासत बारीक बारीक पावलं टाकत निघाली. कप बशीत खडखड वाजत होता. दारापाशी थांबून तिने मान सावकाश वळवली.

"नंतर... बघू."

पोरं हसून हसून फरशीवर लोळली. ढब्बूला उचकी लागली. "परत, परत!" मैनेने परत केली, या वेळी जरा जास्त खडखड करून. खूप दिवसांनी तिला मोकळं वाटलं.

"पण कुणाला सांगायचं नाही हं," ती म्हणाली.

शनिवारी नवरा आला. संध्याकाळी ऊन उतरल्यावर पोरांनी गच्चीवर कार्यक्रम ठेवला. कपडे वाळत घालायच्या दोरीवर चादर टाकून पडदा केला. पडदा ओढायचं काम बाईसाहेबांनी आपल्याकडेच ठेवलं होतं. मोठी माणसं चटईवर बसली, भाऊजींसाठी खुर्ची आणली. चिमणीने शाळेतलं गाणं म्हटलं, अर्ध्यात विसरली, तरी टाळ्या पडल्या.

मग पडदा सरकला आणि ढब्बू आला. हातात कप-बशी. खांदे पडलेले. पाय घासत, बारीक पावलं टाकत. कप खडखडत होता.

मैनेचा नवरा सगळ्यात आधी हसला. एवढंसं पोर म्हाताऱ्यासारखं चालतंय याचं कुणालाही हसूच आलं असतं. सासूबाईही हसल्या. ढब्बू मधोमध थांबला, मान वळवली आणि म्हणाला, "नंतर... बघू."

हसू जागच्या जागी थिजलं. ढब्बूला वाटलं, नीट ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा केलं, मोठ्याने.

"अरे, हे काय चाललंय?" सासूबाई ओरडल्या. "कुणी शिकवलं तुला हे?"

"आईने! आईला याच्यापेक्षा भारी येतं. आई, तू करून दाखव ना!"

मैनेला वाटलं, गच्ची दुभंगावी आणि आपण खाली जावं. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं, आणि ते बघण्यापेक्षाही वाईट होतं. तिने ढब्बूला ओढून जवळ घेतलं, त्याच्या तोंडावर हात ठेवला. आता तो हात ठेवून काय होणार होतं!

"छान केलंस रे," भाऊजी म्हणाले.

ते उठले. जिना गच्चीच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथपर्यंत ते चालत गेले, पाय घासत, बारीक पावलं टाकत, एक हात अंगाला चिकटवून. सगळ्यांना ते बघावं लागलं. चादरीचं टोक हातात धरून बाईसाहेबही बघत होती.

ते खाली गेल्यावर ताई बोलली. मैनेशी नाही, आईशी. "कंपवात असेल म्हणतात. सोमवारी इथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचंय, म्हणून आलो. कुणाला सांगू नकोस म्हणून त्यांनी शपथ घातली होती. पोरांची सुट्टी आहे, हसू-खेळू दे म्हणाले." तिने भाऊजींची रिकामी खुर्ची कठड्याशी सरकवली. "एका लग्नाचे सगळे फोटो हलले. चारचौघांत त्या लोकांनी यांना नाही नाही ते ऐकवलं. तेव्हापासून कॅमेऱ्याला हात लावलेला नाही."

त्या संध्याकाळी मैनेने पोळ्या केल्या, वाढलं, आवरलं. जेवताना कुणी मीठसुद्धा मागितलं नाही. नवरा फक्त एवढंच म्हणाला, "तुला माहीत नव्हतं, कबूल. कुणालाच नव्हतं. पण पोरांना कशाला शिकवलंस?" तिला सांगायचं होतं की मी शिकवलं नाही, त्यांनी पाहिलं. पण त्यात फरक तो काय? आणि "कुणाला सांगायचं नाही" असं आपण म्हणालो होतो, म्हणजे आपल्याला कळत होतं. ते तिने नवऱ्याला सांगितलं नाही.

सकाळी ती चहा घेऊन भाऊजींसमोर उभी राहिली. कप मुद्दाम अर्धाच भरला होता, आणि तो तसा भरल्याचीही तिला लाज वाटत होती.

"भाऊजी, माफी मागायलाही तोंड राहिलं नाही मला."

"बस," भाऊजी म्हणाले. ती बसली नाही. "ढब्बूने केलं, तसाच चालतो मी?"

मैनेने कप त्यांच्याजवळ खिडकीत ठेवला.

"खरं सांग. हिला विचारलं तर ही म्हणते, काही नाही हो, बरे चालता. आरशात बघायला गेलो तर आरशाशी जाऊन थांबावंच लागतं. उद्या डॉक्टर विचारतील. मला माहीत पाहिजे. दाखव."

"भाऊजी, नको ना."

"पोरांना दाखवलंस. मला दाखव."

ते रागावले होते की काय, चेहऱ्यावरून काही कळेना. कळणारच नव्हतं. मैनेने हात अंगाशी घेतला, खांदे पाडले. पाऊल उचलेना. स्वयंपाकघरात किती सहज जमलं होतं! डोळ्यांतलं पाणी गालावर येऊ देत ती खिडकीपासून दारापर्यंत गेली आणि परत आली.

भाऊजी एकटक बघत होते. "डावा हात हलतच नाही?"

"नाही. उजवा थोडा हलतो."

"आणि पाय? दोन्ही घासतात?"

"डावा जास्त. वळताना तुम्ही... तुम्ही एकदम वळत नाही. चार-पाच पावलं टाकून वळता."

"असं कधीपासून?"

"हिवाळ्यात सासूबाई आजारी होत्या म्हणून बघायला आला होतात, तेव्हा हात असाच होता. पाय नव्हता."

भाऊजींनी उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "आणि चेहरा?"

तिने ओठ घट्ट मिटले. चेहरा सपाट करायला गेली आणि हुंदका फुटला.

"राहू दे," भाऊजी म्हणाले. "तेवढा राहू दे."

मैना वळली तर दारात ताई उभी होती. किती वेळ होती कोण जाणे. "उद्या तूही चल," एवढंच बोलून ती आत गेली.

सोमवारी मैनेने रजा टाकली. डॉक्टरीणबाईंनी भाऊजींना व्हरांड्यात चालायला लावलं, बोटं जुळवायला सांगितली, कागदावर गोल काढून घेतला. हे कधी सुरू झालं विचारल्यावर ताई गोंधळली. मैनेने सांगितलं, या वेळी करून न दाखवता, नुसत्या शब्दांत. त्या लिहून घेत होत्या. शंका खरी निघाली. औषधाने बराच आराम पडेल, पण हे दुखणं पुरतं जाणार नाही, असं त्या म्हणाल्या. आणि काम सोडून घरात बसू नका, कॅमेरा स्टँडवर लावा, असंही म्हणाल्या.

औषधांच्या दुकानात रांग होती. भाऊजी बाकावर बसले. रांगेत ताई मैनेच्या पुढे उभी होती. मागे न बघता ती म्हणाली, "एवढं सगळं तुला दिसलं होतं. हात कुठला, पाय कुठला, कधीपासून. सख्ख्या बायकोला दिसलं नाही इतकं. मग एकदा तरी विचारलं का नाहीस गं? 'भाऊजी, बरं नाही का?' एवढंच?"

रांग पुढे सरकली.

घरी आल्यावर तिने चिमणीला आणि ढब्बूला समोर बसवलं. आतोबांना बरं नाही, आणि आईने जे केलं ते वाईट होतं, तुम्ही नाही, आई वाईट वागली, असं सांगितलं. चिमणी रडली. ढब्बू उठून आतोबांना आपली गाडी देऊन आला.

औषध लागू पडतंय का ते बघायला पाहुणे आणखी थोडे दिवस राहिले. भाऊजी पहिल्यासारखेच बोलत, म्हणजे कमी. ताई कामापुरतं बोलायची. मग एकदा शेंगा सोलताना आपण होऊन मैनेच्या कचेरीची चौकशी केली आणि मैनेला तेवढ्यानेच भरून आलं. बाईसाहेब मात्र स्वयंपाकघरात येईनाशी झाली. पाणी हवं असलं तरी चिमणीला पाठवायची. पोरांच्या रांगेतलं आपलं अंथरूण उचलून तिने वडिलांच्या पलंगाशी नेलं होतं.

निघायच्या दिवशी रिक्षा दारात आली. बॅगा चढल्या. मैनेने बाईसाहेबांसमोर गुडघे टेकले. "माझं फार चुकलं गं, बाळा."

मुलीने तिच्याकडे नीट बघितलं. "मामी, तू माझी पण नक्कल करतेस?"

करायची की! कमरेवर हात ठेवून, "चला, चला, रांगेत या" म्हणत. ती नक्कल पाहून तर सासूबाईही हसल्या होत्या. नाही म्हणणं सोपं होतं.

"केली आहे," मैना म्हणाली.

"मला वाटलंच," म्हणून ती पाठ फिरवून रिक्षात चढली आणि वडिलांच्या डाव्या हाताला जाऊन बसली.