एका तारेचा उजेड

घरात नवी वस्तू आली आणि ती आपल्या जुन्या सवयीच्या आड येऊ लागली, की आपण सवय बदलत नाही, त्या वस्तूचीच खोड मोडतो. तुमच्याआमच्या घरात हे रोज चालतं. मग राधाकिशन तरी वेगळं काय करणार होते?

नांदूरघाटच्या शिवारात, गावापासून जरा लांब, त्यांनी शेतातच नवं घर बांधलं. मीटरशेजारी वायरमन सोमनाथनं एक पांढरी पेटी बसवली. तिच्यातलं एक स्विच दिवस मावळला की खट्‌कन पडायचं. वर केलं की पुन्हा पडायचं. टीव्ही बंद, मोटार बंद, मिक्सरमध्ये चटणी अर्धवट वाटलेली. "कावून पडतंय हे मेलं?" असं म्हणत राधाकिशनच्या बायको छबुबाई रोज संध्याकाळी त्या पेटीचा उद्धार करायच्या.

ते का पडतं हे सून उज्ज्वलाला ठाऊक होतं. ती केजच्या एका आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स शिकवते.

"मामा, वाड्यावरचा बल्ब लावला की ते पडतं," ती सासऱ्यांना म्हणाली.

वाडा म्हणजे धुळाजीच्या मेंढरांचा. सुगी उरकली की धुळाजी आणि त्याची बायको कडूबाई कळप घेऊन शिवारात यायचे. राधाकिशन मेंढरं आपल्या रानात बसवून घ्यायचे. जमिनीला लेंडीखत मिळायचं आणि धुळाजीला धान्य. सगळ्या रानाला खत लागावं म्हणून जाळीचा वाडा रोज सकाळी उपटायचा आणि पुढच्या पट्टीत ठोकायचा. औंदा बिबट्याची हूल उठली, म्हणून राधाकिशननी वाड्यापाशी मोठा पिवळा बल्ब दिला. तोही त्या भागातल्या जुन्या रीतीनं. घरातून एकच तार न्यायची, बल्बाचं दुसरं टोक लोखंडी सळईला बांधायचं आणि सळई जमिनीत ठोकायची. परतीची तार कशाला ओढायची, जमीन आहे की! उजेड मंद वाटला तर सळईच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतायचं, बल्ब लख्ख होतो. या हुशारीचं सगळ्यांना मोठं कौतुक होतं.

"पेटीतून जेवढी वीज गेली तेवढी तारेनंच परत आली पाहिजे," उज्ज्वलानं समजावलं. "ती जमिनीत गेली की स्विच धरून चालतं, कुणाला तरी शॉक बसतोय. म्हणून ते पडतं. पूर्वी मोठ्या लोडच्या जोडणीलाच हे लागायचं. आता नियम बदललाय, आपल्यासारख्या घरांनाही ते बसवावं लागतं."

"बाजूला दुसरे चार स्विच हायेत की. ते न्हाई पडत," राधाकिशन म्हणाले.

"ते वायर जळू नये म्हणून आहेत. माणूस चिकटला तरी त्यांना पत्ता लागत नाही. माणसासाठी हे एकटंच आहे. वाड्याला दोन तारांची केबल देऊ, नाहीतर चार्जिंगचा दिवा देऊ."

"रोज हालणाऱ्या वाड्यामागं केबल कोण वढीत बसंल? माझ्या बापानं एका तारंवर उजेड केला. कोण मेलं का त्यात?"

"आपल्याकडं नसेल मेलं. कुठंतरी मेलं, म्हणूनच नियम झाला, मामा."

राधाकिशनना ते बोलणं झोंबलं. भाऊबंदकीचे तंटे मिटवायला लोक त्यांच्या ओट्यावर यायचे. आणि घरात सून त्यांना बल्ब कसा लावायचा हे शिकवत होती. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सोमनाथला बोलावून घेतलं.

"हे पडायचं बंद कर," त्यांनी फर्मावलं.

"आण्णा, मंग ते असून नसल्यावानीच व्हईल."

"घर माझं का तुजं बे?"

सोमनाथनं मुकाट्यानं स्विचला बगल देऊन वायरीचे दोन तुकडे जोडले. उज्ज्वलानं त्याला दारात गाठलं. "दादा, तुम्हाला तर सगळं कळतं."

"कळतंय, वहिनी. पर ह्यांच्या शब्दाभाईर गावात काम मिळत न्हाई," असं म्हणून तो गाडीला किक मारून निघून गेला. त्या दिवसापासून स्विच पडेनासं झालं. छबुबाईंची चटणी पूर्ण वाटली जाऊ लागली आणि घरात सगळे खूश झाले.

धुळाजी मात्र सावध माणूस होता. स्विच पडेनासं झाल्यावर पहिल्यांदा वाडा हलवायच्या आधी तो विचारायला आला. "मालक, ही सळई म्या उपटू का? करंट न्हाई ना हिला?"

"आरं, मातीतली तार ती. मातीत कुठं करंट आसतो? बिनघोर उपट," राधाकिशन चहा पिता पिता म्हणाले.

मालक म्हणतात म्हणजे नसणारच. तरीही धुळाजी बल्ब बंद झाल्याशिवाय सळईला हात लावत नसे.

पौषातली सकाळ होती. रान दहिवरानं ओलंचिंब झालं होतं. उजाडता उजाडता लाइट गेली आणि बल्ब विझला. घरातल्या कुणीतरी बटण बंद केलं असेल असं धुळाजीला वाटलं. बटण चालूच होतं. तो अनवाणी पायांनी ओल्या ढेकळांत उभा राहिला आणि दोन्ही हातांनी सळई उपटू लागला. ती जमिनीतून सुटली आणि नेमकी तेव्हाच लाइट आली.

स्वयंपाकघरात ट्यूब पेटली म्हणून उज्ज्वलानं खिडकीतून रानाकडे पाहिलं. धुळाजी सळई धरून ताठ उभा होता. बल्ब पेटला नव्हता. सळई जमिनीत असती तर पेटला असता. आता वीज धुळाजीच्या अंगातून जात होती आणि तेवढ्यावर बल्ब पेटत नाही. कडूबाईला हे कुठून ठाऊक असणार? बत्ती विझलेली दिसत होती, म्हणजे करंट नाही, एवढंच तिला माहीत होतं. नवऱ्याला काहीतरी झालं म्हणून ती त्याला धरायला धावली.

"शिवू नका त्यांना!" उज्ज्वला जिवाच्या आकांतानं ओरडली आणि रानाकडे न धावता पेटीकडे धावली. तिनं मेन खाली ओढला. कडूबाईचा हात त्यानंतर नवऱ्याला लागला, म्हणून ती वाचली. धुळाजी तिच्या अंगावर कोसळला. उज्ज्वलानं त्याची छाती दाबून पाहिली, पण तो गेला होता. बाजूच्या सगळ्या स्विचांपैकी एकही पडलं नव्हतं.

पोलीस येण्याआधी राधाकिशनचे धाकटे भाऊ विजयसिंह आले. राजकारणात मुरलेला माणूस. त्यांनी सोमनाथकडून पेटीतले ते दोन तुकडे काढवले आणि थोरल्या भावाला बाजूला घेतलं. "दादा, तुमी गप ऱ्हावा. मी बघतो." राधाकिशन गप्प राहिले. गप्प राहणं किती सोपं असतं, हे ज्यानं अनुभवलंय त्याला सांगायला नको.

"ही तार कुणी जोडली?" फौजदारानं विचारलं.

"मयतानंच, साहेब. चोरून आकडा टाकला व्हता," विजयसिंह म्हणाले.

नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या कडूबाईनं मान वर केली. "चोरून? मालक, त्यानं तुमाला इचारलं व्हतं. इचारून हात लावनारा चोर आसतो का?"

सगळे राधाकिशनकडे बघू लागले. उज्ज्वलाही बघत होती. तिला जे बोलायचं होतं ते वेळेवर बोलून झालं होतं. आता राधाकिशननी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. केस मिटली असती, ओट्यावर पुन्हा माणसं आली असती आणि एक गरीब माणूस मेल्यावर चोर ठरला असता. आयुष्यभर दुसऱ्यांचा न्याय केलेल्या त्या माणसाला स्वतःची शिसारी आली.

"आकडा न्हाई, साहेब," ते म्हणाले. "तार मी दिली. स्विच मी बंद पाडलं. सूनबाई नको म्हनत व्हती. ह्यानं मला इचारलं, करंट न्हाई ना, तर मी न्हाई म्हनलो. त्याला मी मारलं."

खरं बोलले! पण ते ऐकायला धुळाजी कुठे होता?

गुन्हा दाखल झाला. विजयसिंहनी बोलणं टाकलं. राधाकिशन जामिनावर सुटले आणि वस्ती-वस्तीवर जाऊन सांगत फिरू लागले: एका तारेवर बल्ब लावू नका, ती सळई जमिनीतून निघाली की जित्ती होते, पेटीतलं स्विच बंद पाडू नका. लोक चहा पाजत, "खरं हाय, आण्णा" म्हणत. आणि अंधार पडला की त्यांच्याच रानात एका तारेवरचे बल्ब लागत.

पुढच्या सुगीला ते धारूरच्या डोंगराकडे गेले. कडूबाई दिराच्या कळपाबरोबर तिथं उतरली होती.

"माझ्या रानात या," ते म्हणाले. "दोन तारांची केबल टाकलीया. स्विच चालू केलंय. सूनबाईनं समदं तपासलंय."

कडूबाई मेंढीच्या पायातला काटा काढत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"आमी अंधारात ऱ्हाऊ, मालक. कुत्री हायेत राखणीला. तुमच्या उजेडाला न्हाई येत."

राधाकिशन आले तसे परतले.

वाचकहो, तुमच्या घरातलं ते स्विच सारखं पडत असेल तर त्याच्यावर चिडू नका. त्याचं तोंड बंद करायला वायरमन बोलावू नका. ते का पडतंय हे शोधायला परवाना असलेला जाणता माणूस बोलवा. नियम बदलला की आपल्याला वाटतं, कुणीतरी खुर्चीत बसून आपल्याला छळतंय. आधीचा नियम कुणालातरी वाचवायला अपुरा पडला, म्हणून तो बदललेला असतो. हे समजून घ्यायला माणूस मरायची वाट बघू नका. राधाकिशनना आज हे सगळं पटलंय, पण शहाणे ते झाले आणि कुंकू पुसलं गेलं कडूबाईचं.