बदलीचा गडी

एकोणीसशे चौसष्ट साली संक्रांत मंगळवारी आली होती. तिच्या पुढच्या रविवारी जानेफळला आणि मेहकरला एकाच दिवशी व्हॉलीबॉलचे सामने लागले, आणि महादेवरावांच्या घरात सोळा वर्षांच्या एका पोरावरून आठवडाभर कुणाला धड जेवण गेलं नाही.

पोराचं नाव सहदेव. त्याची आई तो महिन्याचा असतानाच गेली. त्याच सुमाराला महादेवरावांची धाकटी बहीण सोजराबाई अठराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली होती. पोर तिच्या मांडीवर पडलं आणि तिथेच वाढलं. घरात तिला कुणी कधी वावगं बोललं नाही; पण आपण या घरात कशासाठी आहोत असा प्रश्न मनात आला, की ती सहदेवकडे बघायची आणि प्रश्न मिटायचा. आता तो तिच्यापेक्षा हातभर उंच झाला होता. सातवी पास होऊन दोन वर्षं बापाबरोबर भाजीच्या मळ्यात राबत होता आणि दिवस कलला की बाजाराच्या मैदानावर पळत होता.

त्या काळी आपल्याकडच्या खेड्यांतून जो व्हॉलीबॉल चाले त्याला शूटिंग म्हणत. आलेला चेंडू दोन्ही मुठी जोडून थेट पलीकडे हाणायचा. मेहकरसारख्या गावात मात्र शाळेतल्या मास्तरांनी दुसरा खेळ आणला होता, त्याला पासिंग म्हणत. त्यात चेंडू बोटांच्या टोकांवर झेलून आपल्याच गड्याला वर उचलून द्यायचा आणि मग तिसऱ्याने उडी घेऊन मारायचा. एका खेळाचा हात दुसऱ्या खेळाला चालत नाही. मुठीची सवय लागली की बोटं उघडत नाहीत, असं जाणकार म्हणत.

जानेफळच्या शूटिंगच्या संघाचे कॅप्टन होते गुलाम रसूल. बाजारात त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. सहदेव नऊ वर्षांचा असल्यापासून त्यांनी त्याला शिकवलं, पायात काटा मोडला तर स्वतः काढला. आणि पौष महिन्यात मेहकरचे देवळे मास्तर बस बदलायला जानेफळला उतरले, मैदानाच्या कडेला उभे राहिले आणि या पोराची उडी बघून त्यांची बस चुकली. दुसऱ्या दिवशी ते घरी आले. ओसरीवर बसून म्हणाले, "महादेवराव, रविवारी याला आमच्या कुमार संघातून उतरवतो. जूनपासून आठवीत नाव घालू, बोर्डिंगात राहील. पण एक आहे. मुठीचा खेळ आजपासून बंद. आणखी दोन वर्षं तो खेळला, तर याची बोटं कायमची गेली समजा."

महादेवराव तोंडातल्या तोंडात 'बरं' म्हणाले. ते सगळ्यांनाच 'बरं' म्हणत.

मास्तर गेल्यावर सहदेव चुलीजवळ येऊन बसला. "आत्या, तूच सांग. मी कोणाकून खेळू?"

सोजराबाईने भाकरी उलटली, परत उलटली. "मले काय समजते त्यातलं? मी कधी मैदान पाह्यलं काय?"

"तरी सांग ना."

तिने सांगितलं नाही. पोरगं उठून गेलं.

गावात एक रीत होती. सामन्यांच्या आधी कॅप्टन प्रत्येक गड्याच्या घरी नारळ पाठवी. नारळ घरात तसाच राहिला, तर घरच्यांचा विचार चालू आहे असं समजायचं. फोडला, की गडी त्या मोसमापुरता त्या संघाचा. मग त्याने दुसरीकडे खेळणं म्हणजे ठरलेली सोयरीक मोडण्यासारखं. गुलाम रसूल यांनी भोगीच्या आदल्या दिवशी नारळ पाठवला. महादेवरावांनी तो देवापुढे घरच्या नारळाशेजारी ठेवला आणि म्हणाले, "राहू द्या चार दिवस. पाहू."

भोगीच्या दिवशी सोजराबाईने भाजीसाठी नारळ फोडला. जेवता जेवता महादेवरावांचं लक्ष देवाकडे गेलं आणि त्यांचा हात थांबला.

"सोजरे, कोणता फोडला?"

"घरचा."

"घरचा त तो राह्यला. शेंडीले हळद लावलेला."

"अगं माय! अंधारात दिसलं नाई मले," ती म्हणाली.

सहदेवने ताटातली भाजी बोटाने एका बाजूला सारली आणि कोरडी भाकरी खाऊन उठला. दुपारी त्याने रसूलकाकांना जाऊन सांगितलं, की रविवारी मी आहे. दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, शेजारची कलाबाई तिळगुळाची वाटी घेऊन आली आणि दारातूनच हसत म्हणाली, "चांगलं केलं व सोजरा. आता कुठी जाते पोट्टा? बांधला ना तुह्या पदराले!"

"काई बी नको बोलू व. चुकून झालं."

"हाव, चुकूनच झालं. मी कुठी काय म्हणतो?"

त्या दिवसापासून सोजराबाईचं चित्त ठिकाणावर राहीना. घासलेली भांडी ती पुन्हा घासायला घेई. विहिरीवर जाऊन कशाला आलो ते विसरे. सहदेव रोज मैदानावर जात होता, वेळेवर येत होता, बोलला तर गोडच बोलत होता, आणि तेच तिला सोसत नव्हतं. एकदा तरी तो चिडला असता तर बरं, असं तिला वाटे.

गुरुवारी सकाळी महादेवराव मळ्यातून काठी नाचवत आले. "डुक्कर शिरलं व कोबीत! तीन गड्डे फोडले. खाल्लं बी नाई नीट, नुसती नासाडी."

सोजराबाई मळ्यात गेली. पानकोबीच्या वाफ्यात डुकराचा खूर कुठेच नव्हता. अनवाणी पावलं होती, आणि ती पावलं तिला स्वतःच्या पावलांपेक्षा ओळखीची होती. पलीकडच्या बांधाआड सहदेव उभा होता. दोन्ही हात कपाळापाशी धरून, दहा बोटांच्या टोकांवर पानकोबीचा एक लहानसा गड्डा तो वर उडवत होता. झेलत होता, पुन्हा उडवत होता. तळवा लागला, की स्वतःलाच शिवी देत होता.

"काय चाललं बे हे?"

गड्डा खाली पडून फुटला.

"तुहे बाबा डुकराच्या मागं फिरून राह्यले काठी घेऊन," ती म्हणाली. "आता तुलेच दाखवू काय त्यायले?"

तो हसला. मग बोटं पुढे करून म्हणाला, "मास्तरनं सांगतलं होतं, तळवा नाई लागला पाह्यजे. वीस वेळा होते आता माह्याच्यानं. पह्यले पाच बी नव्हतं होत."

"तुले तिकडंच जायचं होतं?"

सहदेवने मान खाली घातली.

"मंग मले काऊन इचारलं? सांगाचं होतं ना सरळ."

"कसं सांगू? रसूलकाकाले नाई म्हणाची हिंमत नाई माह्यात. वाटलं, तू म्हणशीन जाय, त मी म्हणीन आत्यानं सांगतलं. तू काई बोललीच नाईस. मंग तो नारळ फुटला. जाऊ दे. तुही काय चूक? अंधार होता."

सोजराबाई बांधावरच बसली. अंधार नव्हता. भोगीच्या दिवशी सूर्य चांगला वर आला होता, खिडकीतून ऊन थेट देवापुढे पडलं होतं. हळदीची शेंडी तिने पाहिली होती. दोन्हींवर हात ठेवून बघितला होता आणि मग त्यातला एक उचलला होता.

घरी न जाता ती तशीच बाजारात गेली. गुलाम रसूल दुकानात पाण्याच्या घमेल्यापुढे बसले होते. व्हॉलीबॉलचा ब्लॅडर फुगवून पाण्यात बुडवत, पंक्चर कुठे आहे ते बघत होते. सोजराबाई कधी दुकानावर आलेली त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

"बसा सोजराबाई. महादेवराव बरे आहेत ना?"

"बरे आहेत." ती बसली नाही. "रसूलभाऊ, तो नारळ मी चुकून नाई फोडला. मले मालूम होतं कोणता कोणाचा."

त्यांचे हात पाण्यातच राहिले.

"मास्तर पोराले नेते म्हने. मले भेव वाटलं. गावात ठेवाले मी तुमचा नारळ फोडला. पोराचं मन तिकडं आहे."

पाण्यात एका जागी बुडबुडे येत होते, पण त्यांनी तिथे बोट ठेवलं नाही.

"कायले सांगतलं बाई मले?" ते म्हणाले. "नसतं सांगतलं त मी सुखानं खेळलो असतो. आता तो उतरला बी त माह्या बाजूले उभा राहीन, खेळीन मेहकरात." आणि मग त्यांचा आवाज चढला. "पन रविवार तीन दिवसावर आला! सात गडी लागते. चिठ्ठ्या टाकून झाल्या, पह्यला सामना आमचा. आता कुठून आणू सातवा? तुम्ही उतरता काय पदर खोचून?"

शेजारच्या दुकानातला माणूस हसला. सोजराबाई हसली नाही.

"सावडीत काय करते रसूलभाऊ? एकाच्या वावरात सगळे राबून गेले, आन त्याच्यावर दुसऱ्याकडं जायची पाळी आली, आन तो तापानं पडला, त काय करते?"

"माणसाच्या बदली माणूस देते."

"मंग मी देतो. दादा येईन."

"कोण? महादेवराव?" गुलाम रसूल यांनी ब्लॅडर घमेल्यात सोडून दिला. "अरे बाप्पा! बेचाळीस वर्षांचा माणूस! त्यायले नेट कोणतं आन जनावराचं जाळं कोणतं, हे तरी समजते काय?"

"मुठी जोडून हाणाचंच त आहे ना? वीस वर्षं कुदळ हाणून राह्यले ते."

आता ते हसले, पण डोळे हसले नाहीत. "ठीक आहे. घराचा शब्द घरातला माणूस पाळते, पंचायले मी समजावतो. पन एक सांगतो सोजराबाई. सात वर्षं शिकवलं त्या पोट्ट्याले. हे मले तुमच्या तोंडून नाई पाह्यजे. त्यानं सोता येऊन सांगाव."

सहदेव जायला तयार नव्हता. "तू सांगून आलीस ना? मंग मी काऊन जाऊ?" असं तीनदा म्हणाला. सोजराबाईने त्याच्यापुढचं ताट उचललं. "हे झाकून ठेवतो. आल्यावर जेवजो." तो गेला. ती दाराशी आणि चुलीशी येरझाऱ्या घालत राहिली. दुकान हाकेच्या अंतरावर होतं, आणि पोराला परतायला तासभर लागला.

"काय म्हणले?"

"काई नाई म्हणले. ब्लॅडरले ठिगळ लावत होते. मी बोललो ते आयकलं." सहदेव तिच्याकडे न बघता बसला. "निघालो तवा म्हणे, नखं काप. त्या खेळात नखं ठेवली त बोटं फुटते."

महादेवरावांना सांगणं सगळ्यांत सोपं ठरलं. ते म्हणाले, "बरं." मग जरा वेळाने म्हणाले, "धोतर चालते काय त्यात?"

रविवारी सहदेव सकाळच्या बसने एकटाच मेहकरला गेला. सोजराबाई आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर गेली आणि एका गाडीच्या मागे उभी राहिली. मैदानाला चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. धोतराचा काचा मारून, डोक्याचं मुंडासं तसंच ठेवून महादेवराव मागच्या कोपऱ्यात उभे राहिले, तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. "काका, चेंडू आहे, भोपळा नाई!" असं कुणी ओरडलं. पहिला चेंडू त्यांच्या छातीला लागला, दुसरा मुंडाशाला. तिसरा त्यांनी मुठी जोडून असा हाणला, की तो मैदान, रस्ता आणि रस्त्यापलीकडचं चहाचं हॉटेल ओलांडून गेला आणि खेळ थांबवून शोधावा लागला. गुलाम रसूल कपाळाला हात लावून उभे होते. पण दुसऱ्या डावात महादेवरावांना रेघेचा अंदाज आला आणि त्यांनी ओळीने चार गुण काढले, तेव्हा गुलाम रसूल यांनीच त्यांच्या पाठीत थाप मारली. जानेफळचा संघ तरीही पहिल्याच सामन्यात हरला. सहदेव असता तर हरला नसता. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि निम्म्यांनी ते गाडीमागच्या बाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं.

संध्याकाळच्या बसने सहदेव आला. सोजराबाई थांब्यावर आधीच जाऊन बसली होती.

"जिंकले?"

"जिंकले. मले बाहेरच बसवलं दिवसभर. शेवटच्या डावात उतरवलं, तीन चेंडू उचलले. दोन बरोबर गेले."

"आन तिसरा?"

"तळवा लागला," तो म्हणाला आणि खदखदून हसला. आठवड्यात पहिल्यांदा.

जूनमध्ये तो बोर्डिंगात गेला. ट्रंक बसच्या टपावर चढवून सोजराबाई घरी आली आणि त्या दिवशी दोघांचाच स्वयंपाक करायचा हे तिच्या ध्यानात राहिलं नाही. भाकऱ्या उरल्या.

पुढे सहदेव दोन वर्षं विभागाच्या संघातून खेळला, मॅट्रिकला एकदा नापास झाला, मग पास झाला आणि खेळाडू म्हणून पोलिसात लागला. अठ्ठाविसाव्या वर्षी गुडघा निकामी झाला आणि खेळ सुटला. हवालदार म्हणून जळगाव जामोदला निवृत्त झाला, तिथेच त्याने घर बांधलं. आपला निर्णय बरोबर होता का, असं कुणी विचारलं तर तो म्हणे, "निर्णय माह्या आत्याचा होता."

देवळे मास्तरांची तीनच वर्षांत बदली झाली. पुढे त्यांचं काय झालं, ते मेहकरातही कुणाला सांगता आलं नाही.

महादेवराव त्यानंतर अकरा वर्षं, म्हणजे त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत, गावाच्या संघातून खेळले. नारळ त्यांच्या नावाने येत असे. एक्क्याऐंशी साली ते गेले.

गुलाम रसूल यांनी बहात्तरच्या दुष्काळात दुकान बंद केलं आणि ते अकोल्याला मुलाकडे, खुर्शीदकडे, राहायला गेले. सहदेवचा फोटो पेपरात आला होता तो त्यांनी कापून ठेवला होता, असं खुर्शीद सांगे. पण सोजराबाईशी ते त्या गुरुवारनंतर कामापुरतंच बोलले, आणि तिनेही कधी त्याबद्दल तक्रार केली नाही.

सोजराबाई जानेफळलाच राहिली. भावाच्या मागे मळा तिने एकटीने सांभाळला. सहदेव तिला जळगावला चल म्हणायचा, ती जायची, आठ दिवसांत परत यायची. अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात ती गेली. तोवर बाजाराच्या मैदानावर सामने असले, की ती हातात सुपडं घेऊन का होईना, पण रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत असे, आणि पोरं चुकीचं खेळली की आता तिला ते कळत असे.